भारोभार गूळ

आमच्या घरात शहाणपणाची कोणतीही गोष्ट सरळ दाराने आत येत नाही. तिला आधी देवीच्या देवळाला वळसा घालावा लागतो. ताईच्या मुलीचं दर महिन्याला वजन करायचं, एवढंच मी म्हटलं होतं. तेवढ्यावरून दिवाळीचे चारही दिवस भांडणात गेले.

मी तेव्हा नगरला मुलींच्या शाळेत नुकतीच शिक्षिका झाले होते. लढाई चालू होती. साखर रेशनवर गेली होती आणि ताईचे यजमान पलटणीबरोबर कुठे तरी दूर होते. म्हणून देवळाली प्रवऱ्याजवळच्या आमच्या गावी बाळंतपणाला आलेली ताई तिथेच राहिली. भाद्रपदात तिला मुलगी झाली. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले तेव्हा बाळी दोन महिन्यांची होती आणि माझ्या पिशवीत बालसंगोपनावरची आठ पानांची पुस्तिका होती.

अशा पुस्तिकांवरच मी वाढले. दादा, म्हणजे आमचे वडील, तालुक्याला गेले की सभेत वाटलेली पत्रकं खिशात घालून आणत. खादी, दारूबंदी, साक्षरता, पटकीची लस, जे हाती पडेल ते मी वाचत असे आणि छापलेलं सगळं खरं मानत असे.

या पुस्तिकेत सगळं कसं स्वच्छ मांडलं होतं. मूल जन्मतः सहा-सात रत्तल, म्हणजे पौंड, असावं, पाचव्या-सहाव्या महिन्यात दुप्पट व्हावं, वर्षाला तिप्पट. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात त्याने मान धरावी, पाचव्या-सहाव्यात पालथं पडावं, आठव्याच्या सुमाराला बसावं, मग रांगावं, वर्षाच्या आसपास धरून उभं राहावं. आणि शेवटच्या पानावर जाड अक्षरांत लिहिलं होतं की वजन वाढत आहे तोवर आईचं दूध पुरे आहे असं समजावं, वरचं दूध देऊ नये.

"ताजव्यात घालायला ती काय मिरच्या हाय?" आई म्हणाली.

"अगं, वाढ कळायला नको?"

"मोजलं की घटतं. दानं मोजलं की कनगी रिकामी व्हती. पोरं मोजली की..." तिने पदराने तोंड पुसलं.

"मग रेशनची साखर मोजून घेतेस ती?"

"ती घटतीच की!"

दादा हसले आणि उठून गोठ्याकडे गेले. आमच्या घरातले पुरुष वाद रंगात आला की गोठ्याकडे जातात. ताई मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. तिला कोणी काही विचारलंच नाही. मीही नाही.

चौथ्या दिवशी मला युक्ती सुचली. मी आईला म्हटलं, "देवीला बाळीच्या भारोभार गूळ बोल. दर पुनवेला, ती वर्षाची होईपर्यंत."

आई चूल फुंकत होती. तिने मान वळवून माझ्याकडे नीट पाहिलं. "तू म्हनतीस हे? देवीला?"

"हो."

"ताप-बिप न्हाई ना आला तुला?"

पण तिचे डोळे चमकले होते. नवसाचं तिच्या मनात आधीपासून असणार. देवीसमोर तोललेलं मूल घटत नाही, कारण ते देवीच्या नावाने तोललेलं असतं, असा खुलासा तिने स्वतःच केला. मी मनातल्या मनात फुगले. भोळ्या समजुतीच्या बैलाला आपण शास्त्राचा नांगर जोडला, असं वाक्यसुद्धा मी वहीत लिहून ठेवलं. ते वाक्य आज वाचलं की वही फाडावीशी वाटते.

ओढ्यापलीकडच्या मळ्यात गुऱ्हाळ नुकतंच लागलं होतं. गूळ तोलायचा तिथला काटा मोठा होता, लाकडाच्या तिकाटण्यावर साखळ्यांनी टांगलेला. कार्तिकी पौर्णिमेला आम्ही तिथे गेलो. मी बाळीचं कुंचडं काढलं, वाळे काढले, करगोटासुद्धा सोडला. आई माझ्यावर ओरडत होती आणि बाळी आम्हा दोघींवर. गुळव्याने, म्हणजे काहिलीतला गूळ बघून उतरवणाऱ्या म्हाताऱ्याने, देवीसाठी अर्ध्या अर्ध्या शेराच्या लहान ढेपा पाडल्या होत्या. एका पारड्यात मूल, दुसऱ्यात ढेपा. आठ ढेपांना काटा सरळ झाला. चार शेर, म्हणजे आठ रत्तल. जन्मतः सुईणीने हातावर तोलून तीन शेर सांगितलं होतं. म्हणजे वाढ उत्तम होती. दादांनी दर पौर्णिमेला मला आकडा कार्डावर कळवायचा असं ठरवून मी नगरला परतले.

कार्डं वेळेवर येत गेली. मार्गशीर्षात "साडेचार शेर गूळ देवीस दिला." पौषात "पाच शेर." मी चौकटीच्या कागदावर ठिपके मांडले आणि ते जोडले. रेघ पट्टीने आखल्यासारखी वर चढत होती. जिवंत मूल असं पट्टीने आखल्यासारखं वाढत नाही. मला त्या रेघेचा अभिमान वाटत होता. शाळेतल्या बाईंना मी ती दाखवली.

संक्रांतीला मी घरी गेले नाही. हळदीकुंकवाचा बाजार मला नको होता. माघात साक्षरतेचा वर्ग होता. माघाच्या कार्डावर "साडेपाच शेर" असं लिहून दादांनी खाली बारीक अक्षरात आणखी मजकूर घातला होता: "ताईस पौषात हिवतापाने फार धरले होते. अंगावरचे दूध कमी झाले असे ती म्हणते. मूल हाताला हलके लागते म्हणते. गाईचे दूध द्यावे काय, असे विचारीत आहे."

मी त्याच दिवशी उत्तर लिहिलं. मला ते शब्दशः आठवतं, विसरायचा प्रयत्न करूनही आठवतं. "हात म्हणजे काटा नव्हे. वजन दर महिन्यास वाढत आहे. वरचे दूध मुळीच देऊ नये. ताईस म्हणावे, मनाचे खेळ थांबव." शेवटच्या वाक्याखाली मी रेघ मारली होती.

शिमग्याला दोन दिवस सुट्टी होती. राहुरीला उतरले, तिथून बैलगाडीने घरी. ताई ओट्यावर बसली होती. तापाने तिचे गाल आत गेले होते. मी पिशवी टाकून बाळीला उचललं आणि तिची मान मागे पडली.

सहा महिन्यांचं मूल. मी हात मानेखाली घातला. मग तिला घोंगडीवर ठेवलं आणि खुळखुळा एका बाजूला हलवला. तिने डोळे वळवले. अंग वळवलं नाही. पाय सुताच्या लडीसारखे पडून होते.

"पालथी पडते का?" मी विचारलं.

"न्हाई अजून," ताई म्हणाली.

"मग कळवलं का नाहीस?"

"कळवलं व्हतं की. हलकी लागती म्हनून."

"पण वजन तर वाढतंय!"

"व्हय. तू लिवलं व्हतंस तसं." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पौर्णिमेचा गूळ होता. मी सगळ्यांच्या पुढे गेले. मुलगी पारड्यात गोधडीवर ठेवली. गुळव्या समोरच्या पारड्यात ढेपा टाकू लागला. मी मोजत होते. नवव्या ढेपेला काटा सरळ झाला. साडेचार शेर. माझी काही तरी चूक झाली असं वाटून मी काट्याकडे पुन्हा पाहिलं. तेवढ्यात आईने टोपलीतून आणखी एक ढेप टाकली. मग आणखी एक. मग बारावी. गुळाचं पारडं धाडकन खाली गेलं आणि बाळीचं पारडं वर उडालं. ती दचकून हात झाडू लागली.

"भरला का सहा?" आईने विचारलं.

"भरला," गुळव्या म्हणाला.

"थांबा!" मी ओरडले. "काटा मघाशीच सरळ झाला होता! नवालाच!"

"मग? सरळ झाला म्हनून काय झालं?" आई माझ्याकडे वेड्यासारखी बघू लागली. "देवीला मागल्या पुनवेपरीस कमी घालायचं व्हय? मागं साडेपाच दिला, तवा आता सहा."

"आणि मूल किती भरलं?"

"कुठलं मूल?"

"आई, ही! हिचं वजन किती?"

"ते मला काय ठावं? गूळ मोजला आपन."

गुळव्याने मुंडाशाने हात पुसले. "बाई, देवाचं माप झुकतंच द्यायचं असतं. आमी काय चोरी केली?"

चोरी कोणीच केली नव्हती. तेच तर मला सहन होत नव्हतं. दादांनी कार्डावर "गूळ दिला" असंच लिहिलं होतं, "वजन" हा शब्द एकदाही लिहिला नव्हता. तो मी वाचला होता. दर महिन्याला भक्ती अर्धा शेर वाढत होती आणि मी तिची रेघ काढत होते. चार महिन्यांत मूल अर्धा शेर वाढलं होतं. मी आईवर ओरडले, गुळव्यावर ओरडले, देवीलाही काही तरी बोलले. चुलाणात पाचट घालणारी माणसं हातातलं काम टाकून बघू लागली.

ताईने बाळीला पारड्यातून उचललं. गोधडीत नीट गुंडाळलं. आणि मला विचारलं, "आता देऊ का गं वरचं दूध?"

मला विचारलं! स्वतःच्या मुलीला दूध पाजायला सहा वर्षांनी धाकट्या, बिनलग्नाच्या बहिणीची परवानगी मागितली. इतकी चीड मला आयुष्यात कोणाची आली नाही. "मला काय विचारतेस?" मी किंचाळले. ती उत्तराची वाट न बघता घराच्या वाटेला लागली होती.

घरी जाऊन तिने गाईचं दूध उकळलं, पाणी घालून कोमट केलं आणि बोंडल्याने पाजलं. बाळीला बोंडल्याची चोच ओढता येत नव्हती. अर्धं दूध गळ्यावर ओघळत होतं. ताई ते पुसत होती आणि पुन्हा चोच तोंडाशी धरत होती. आई शेजारी बसून म्हणत होती, "गिळती बग, गिळती बग." मी दाराशी उभी होते. कोणी मला काही करायला सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही तिला नगरला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बाळीला उघडी करून तोललं, तिच्या दंडाची कातडी चिमटीत धरून पाहिली. "आईला ताप आला, दूध आटलं. मग वरचं दूध का दिलं नाहीत?"

"सुचलं न्हाई मला," ताई म्हणाली.

मी पुढे झाले. "तिला सुचलं होतं. मी नको म्हणून लिहिलं. पुस्तिकेत होतं तसं."

बाईंनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "पुस्तिकेत मान धरण्याचंही लिहिलेलं असतं. पालथं पडण्याचंही. ते कोणी पाहिलं?"

"मी नगरला होते."

"बाळाची आई कुठे होती?"

"घरी."

"मग तिला विचारायचं." त्या वळल्या आणि पुढचं सगळं ताईला सांगितलं: दूध किती, पाणी किती, हिवतापाच्या कोयनेलच्या गोळ्या केव्हा, नाचणीची पेज केव्हापासून. मी वही उघडून लिहून घेऊ लागले, तर म्हणाल्या, "तुम्ही राहू द्या. यांच्या ध्यानात राहील."

राहिलं. मी नगरहून दर आठवड्याला कार्ड टाकत होते. मान धरली का? पालथी पडली का? वजन केलं का? दादांची उत्तरं येत: "सर्व क्षेम. ताई म्हणते, काळजी नको." एवढंच. मी चिडून लिहायची की क्षेम म्हणजे किती शेर? त्यावर पुन्हा "सर्व क्षेम." मे महिन्यात शाळेने मला खानेसुमारीसारख्या कसल्याशा कामाला जुंपलं आणि जायला मिळालं नाही. आई मात्र गावभर सांगत होती की सहा शेर गूळ खाल्ल्यावर देवी गप्प कशी बसेल. हे मला कोणी कळवलं नाही, पण कळलं. असल्या बातम्यांना कार्ड लागत नाही.

श्रावणात घरी गेले. बाळीला अकरा महिने होत आले होते. ताई अंगणात कपडे धूत होती. मी ओट्यावर बसून चपला काढते आहे तोच घरातून थपथप आवाज आला. बाळी दोन्ही हातांवर रांगत उंबऱ्यापर्यंत आली, थांबली, माझ्याकडे परक्या माणसाकडे बघावं तशी बघत राहिली. मग उंबरा ओलांडला. माझ्या गुडघ्यावरचं लुगडं मुठीत धरलं आणि लटपटत उभी राहिली. अजून बारीकच होती. पण मान ताठ होती, आणि मुठीला जोर होता.

"ताई!" मी हाक मारली. "ही उभी राहते! कधीपासून?"

"झालं की पंधरा दिस," ती दगडावर कपडा आपटत म्हणाली.

"आणि रांगायला?"

"त्याच्या आदी."

"मग मला कळवलं का नाही?"

तिने कपडा पिळला. "कळवून काय व्हतं? तू यायची तवा बगशीलच."

मला उठून ताईपुढे जाऊन पुष्कळ बोलायचं होतं. पण बाळीने दोन्ही मुठींत माझं लुगडं घट्ट धरलं होतं आणि मी हलले असते तर ती पडली असती.