पाग्मानं राखलेलं गवत

तेस नदीच्या खोऱ्यात पाग्माचं नाव निघालं की पुरुषमाणसं आपला जबडा चाचपायची. थट्टेनंच, पण चाचपायची. अंगानं ती काही दांडगी नव्हती. ठेंगणी, घोड्यावर बसून बसून पायांची कमान झालेली, डाव्या गालावर लहानपणी थंडीनं जळल्याचा काळा डाग. हात मात्र लोखंडाचा. लग्नानंतरची पहिली काही वर्षं नवरा गोंबो दारू पिऊन आला की तिला मारायचा. एकदा ती दूध उकळत असताना त्यानं मागून लाथ घातली. ती उठली, उकळत्या दुधाचा डाव तसाच त्याच्या कानशिलावर हाणला, त्याला गळपटीला धरून दाराबाहेर काढला आणि पुन्हा दूध ढवळायला बसली. त्यानंतर गोंबोनं तिच्यावर हात उचलला नाही. उलट पुढं पुढं तिच्याशिवाय त्याचं पान हलेना.

मग एका वसंतात नदीवरचं बर्फ फुटलं आणि गोंबो घोड्यासकट आत गेला. मूलबाळ नव्हतं. गेरमध्ये, त्या गोल तंबूच्या घरात, उरली ती आणि म्हातारा सासरा दाम्बा. त्याचे गुडघे धरलेले, घोड्यावर बसणं कधीचं सुटलेलं. लोकांना वाटलं, बाई आता भावाकडं जाईल. ती गेली नाही. एकटीनं मेंढरं राखली, एकटीनं लोकर कातरली, एकटीनं गेर उतरवला नि उभा केला.

तिच्या हिवाळी ठाण्यामागं एक लांबट टेकडी होती. उन्हाळाभर त्या टेकडीवर ती एक शेळी चढू द्यायची नाही. तिथलं गवत हिवाळ्याच्या शेवटासाठी, मेंढ्या गाभण नि हाडकुळ्या झालेल्या असतात त्या दिवसांसाठी. सगळं खोरं हे जाणून होतं.

त्या वर्षी शरद ऋतूत नको तेव्हा पाऊस आला आणि त्याच रात्री गोठला. डोंगराच्या धारेपलीकडं चुल्तेम नावाच्या मेंढपाळाचं खोरं होतं. तिथं सगळ्या गवतावर काचेसारखा थर बसला. पाग्माच्या टेकडीला वारा नि ऊन दोन्ही लागायचं, म्हणून ती वाचली.

मग थंडी आली. चुलीचा धूर काठीसारखा सरळ वर जाऊन तिथंच उभा राहायचा. सूर्याच्या दोन्ही बाजूंना दोन खोटे सूर्य दिसायचे. उघड्या हातानं दाराची कडी धरली तर कातडी कडीलाच राहायची. गायींची आचळं काळी पडली. वाड्यात मेंढ्या उबेसाठी एकमेकींवर चढायच्या आणि खालच्या गुदमरून मरायच्या. पाग्मा रोज सकाळी मेलेल्यांचे पाय धरून बाहेर ओढायची. एकमेकींवर टाकल्या की लाकडाच्या ओंडक्यांसारख्या ठणकन वाजायच्या. तो आवाज तिला जेवतानाही ऐकू यायचा.

एके दिवशी बारीक बर्फ पडलं. पीठ चाळावं तसं, वारा नाही, आवाज नाही. नखभरसुद्धा थर झाला नाही.

"बरं झालं," पाग्मा चहात मीठ टाकत म्हणाली. "जनावरांना चाटायला पाणी झालं. नदीवरची खेप वाचली."

"बरं कसलं, सूनबाई?" दाम्बा म्हणाला. "तुझ्या टेकडीवर गवत होतंच, आता पाणीही झालं. ज्याच्याकडं गवतच नाही तो काय बसून राहणार आहे?"

म्हाताऱ्याचं खरं ठरायला दुसऱ्या दिवसाची दुपारही उलटावी लागली नाही. हासार, तिचा काळा कुत्रा, टेकडीकडं तोंड करून छाती फुटेस्तोवर भुंकायला लागला. पाग्मानं घोडा काढला, टोकाला दोरीचा फास असलेली, जनावरं धरायची लांब काठी उचलली आणि निघाली.

टेकडीच्या खांद्यावर मेंढरंच मेंढरं. मध्ये घोड्यावर चुल्तेम, मांडीवर बर्फ फोडायची पहार आडवी. गोंबोचा जुना दोस्त. दोघं एका फडात कुस्ती खेळलेले.

"या वहिनी!" तो लांबूनच ओरडला. "चहा आणलात का?"

"मेंढरं फिरव, चुल्तेम."

"कुठं फिरवू? माझ्याकडं नुसती काच आहे. उकरून उकरून पाय फाटलेत त्यांचे. बघ ना!"

पाग्मानं बघितलं. खरंच, त्या पांढऱ्या भुरभुरीवर मेंढरं आली त्या वाटेनं लाल ठिपके होते.

"बघितलं. फिरव आता."

"थोडे दिवस चरू दे. गोंबो असता तर नाही म्हणाला नसता."

"गोंबो नदीत आहे. जा, विचारून ये."

चुल्तेमच्या दाढीवर श्वासाचं बर्फ साचलं होतं. त्याचं तोंड दिसत नव्हतं, पण आवाज बदलला. "मागं पोर नाही, बाळ नाही. कोणासाठी राखतेस गं एवढं? त्या म्हाताऱ्याच्या गुडघ्यांना बांधायला?"

काठी आडवी धरून पाग्मानं घोडा सरळ त्याच्या कळपात घातला आणि मेंढरं मागं रेटायला लागली. चुल्तेम आडवा आला. त्यानं पहार उचलली आणि तिच्या घोड्याच्या नाकाडावर हाणली. घोडा किंचाळून मागच्या पायांवर उभा राहिला. तेवढ्यात हासारनं झेप घेऊन चुल्तेमच्या बुटात दात रोवले. दुसऱ्या वेळी पहार कुत्र्याच्या पाठीवर पडली. हासार ओरडलासुद्धा नाही. पुढच्या दोन पायांवर सरपटत, मागचं अंग ओढत, तो पाग्माकडं यायला लागला.

पुढचं इतक्या झटक्यात झालं की चुल्तेमला पहार पुन्हा उचलायला सवड मिळाली नाही. काठीचा फास त्याच्या डोक्यावरून काखेत उतरला, पाग्मानं घोडा वळवला आणि टाच मारली. चुल्तेम खोगिरावरून उडून खांद्यावर आपटला. त्याची टोपी एकीकडं, हातमोजे एकीकडं. घोडा बिथरून रिकाम्या खोगिरानं घराकडं पळत सुटला. पाग्मा थांबली नाही. दगडांवरून, मेंढरांच्या मधून, त्यांच्याच रक्ताच्या ठिपक्यांवरून तिनं त्याला ओढला. आधी तो शिव्या देत होता, मग नुसता ओरडत होता, मग तेही थांबलं. शेवटी काठी मोडली म्हणून ती थांबली. काठी मोडली नसती तर थांबली असती का, हे तिचं तिलाही माहीत नव्हतं.

तो पडला होता. एक हात नको त्या दिशेला वळलेला. तोंडातून रक्त येत होतं आणि दाढीवर पोहोचता पोहोचता गोठत होतं.

"मेंढरं मी नेऊन घालते," ती म्हणाली. "तू ये चालत."

परत जाऊन तिनं पडलेली पहार उचलली. हासारनं शेपटी हलवायचा प्रयत्न केला. शेपटी हलली नाही. तिनं त्याच्या डोळ्यांवर बाही धरली आणि एका घावात त्याला मोकळं केलं.

मग राग त्या मेंढरांवर निघाला. मेंढरं गवत सोडायला तयार नव्हती. चाबकानं झोडपत, घोड्याची छाती घालत तिनं तो कळप धारेपलीकडं नेला आणि चुल्तेमच्या खोऱ्याच्या तोंडाशी एका घळीत लोटून दिला. त्याची बायको बघेल, तिचं ती नेईल.

परतताना सूर्य कलला होता. टेकडीखाली तिला चुल्तेम दिसला. तो चालत होता खरा, पण घराकडं नव्हे. गोल गोल फिरत होता. पायांचे ठसे त्या पातळ बर्फात दोरीच्या गुंत्यासारखे उमटले होते. आणि त्यानं अंगातला मेंढीच्या कातड्याचा लांब डगला, दील, काढून टाकला होता. धडक्या हातानं सदऱ्याची बाही फाडून काढायची त्याची खटपट चालू होती.

"उकडतंय," तो हसत म्हणाला. "आई, दार उघड. किती उकडतंय."

खोऱ्यातल्या कोणालाही या हसण्याचा अर्थ सांगावा लागत नाही. थंडीनं मरणारा माणूस शेवटी असाच उबेत येतो.

पाग्मा त्याच्या जवळून गेली आणि पुढं गेली. कोणी पाहिलं नव्हतं. घोडा त्याला पाडून घरी गेला, माणूस थंडीनं मेला. दर हिवाळ्यात असा एखादा जातोच. ती गेरचा धूर दिसेपर्यंत गेली. तिथं तिच्या मनात आलं की सकाळी याचे पाय धरून याला ओढावं लागेल, आणि हाही तसाच वाजेल. ठणकन.

तिनं घोडा वळवला.

दील त्याच्या अंगात घालायला गेली तर तो भांडला. तिनं त्याच्या थोबाडीत मारली, एकदा, दोनदा, आणि मोडका हात तसाच बाहीत कोंबला. तो किंचाळला.

"ओरड! चांगला ओरड!" ती म्हणाली. स्वतःची टोपी त्याच्या डोक्यावर, स्वतःचे हातमोजे त्याच्या पंजांवर. घोड्यावर आडवा टाकला तर घसरायला लागला; मोडक्या काठीची दोरी काढून खोगिराला बांधला. वाटेत त्याच्या पापण्या मिटायला लागल्या.

"झोपलास तर बघ!"

"झोपू दे वहिनी. थोडं."

तिनं चाबूक काढला. टेकडीपासून गेरपर्यंत ती त्याला मारत आली. पाठीवर, मांड्यांवर, तळव्यांवर. तो रडत होता, तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता, आणि जरा गप्प झाला की पुन्हा फटका. तिचे स्वतःचे कान बधिर झाले होते. शिव्या ऐकू येईनात म्हणून ती त्याचे ओठ बघून मारत होती.

"चुलीजवळ नको!" आत येताच दाम्बा ओरडला. "पलीकडं घे. हळूहळू." म्हाताऱ्यानं आपला दील उघडला आणि चुल्तेमचे दगडासारखे पाय स्वतःच्या उघड्या पोटावर घेतले. त्याचा श्वास अडकला, पण पाय सोडले नाहीत. थोड्या वेळानं चुल्तेमच्या बोटांत जीव परत यायला लागला, तेव्हा त्याला धरून ठेवणं दोघांना जड गेलं. पाग्मा त्याच्या छातीवर बसली. त्यानं तिच्या मनगटाला चावा घेतला. तिनं हात काढला नाही.

सकाळी त्याची बायको सोल्मा उंटावरून आली. रिकामा घोडा घरी आलेला पाहून ती नवऱ्याचं मढं शोधायला निघाली होती. आत आली, नवऱ्याचं काळंनिळं तोंड पाहिलं, त्याच्या नाकाशी हात धरला. मग वळली आणि पाग्माच्या कानाखाली अशी वाजवली की भांडी हलली.

"ही त्याला ओढलंस म्हणून नाही," सोल्मा म्हणाली. "बर्फावर सगळं दिसतंय. तू त्याला तसा टाकून पुढं गेली होतीस. पार खालपर्यंत गेली होतीस. मग वळलीस."

"हो," पाग्मा म्हणाली. "गेले होते."

तिला परत मारता आलं असतं. तिनं गालावरचा हात काढला आणि वाटीत चहा ओतला. सोल्मानं ती दोन्ही हातांनी घेतली.

"मेंढरं?" पाग्मानं विचारलं.

"घळीत. एकमेकींवर चढून निम्म्याच्या वर मेलीत. तू कोंबलीस तिथंच."

पाग्मानं चुलीत शेणी सारल्या, पुन्हा सारल्या.

"उरलेली टेकडीवर आण," ती शेवटी म्हणाली. "तुझ्यावर दया आलीय असं समजू नकोस. मी मारलीत, एवढंच."

"तुझी मरतील मग वसंतात."

"मरतील त्या मरतील."

आणि मेली. थंडी सुटली तोवर टेकडीवर गवताची काडी राहिली नव्हती. पाग्माच्या गाभण मेंढ्या उभ्या जागी बसल्या आणि उठल्या नाहीत. दोन्ही घरांकडं मिळून एक बरा कळप होईल एवढीच जनावरं उरली. चुल्तेमचे पाय पोटावर घेतले त्या दिवसापासून दाम्बाला पोटात दुखायचं. नदी मोकळी व्हायच्या आत तो गेला. चुल्तेमच्या उजव्या हाताची तीन बोटं गावच्या दवाखान्यात कापावी लागली. फासाची काठी त्याला पुन्हा धरता आली नाही.

पाग्माची त्यानं कधी स्तुती केली नाही. "सैतान आहे ती बाई," असंच म्हणायचा. पण उन्हाळ्याच्या जत्रेत कोणी दारूच्या भरात हसला, "काय रे, बाईनं कोकरासारखं ओढलं म्हणे तुला!" तर चुल्तेमनं उरलेल्या दोन बोटांची मूठ करून त्याचा पुढचा दात पाडला.

पाग्माला चुल्तेमला ओढल्याचा पस्तावा कधी झाला नाही. हासारची गोष्ट निघाली की आजही तिच्या कपाळाची शीर उठते. घळीतल्या मेंढरांबद्दल आणि त्या धुरापर्यंत गेलेल्या वाटेबद्दल मात्र ती कोणाशी बोलत नाही. कधी चहा ढवळताना तिचा हात थांबतो, एवढंच.

आता ती टेकडी दोघी मिळून राखतात. हिवाळा सरत आला की सोल्मा धार ओलांडून येते, आणि कोणाच्या शेळ्या आधी चढवायच्या यावरून टेकडीच्या खांद्यावर त्यांचं जे भांडण जुंपतं ते नदीपलीकडच्या ठाण्यांवरही ऐकू जातं.

"तुझ्या शेळ्या मुळं उपटतात!"

"आणि तुझ्या काय, जिभेनं झाडतात?"

चुल्तेम खाली घोडे धरून उभा असतो. कोणाची बाजू घेत नाही.