पायलट होण्याआधीचा सत्कार

काकांनी तो फोटो टाकला नसता तर मी इतकी घाबरले असते का, कोण जाणे. मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. हेलिकॉप्टरची पायलट व्हायचं हे मनाशी पक्कं होतं, कुठून शिकायचं एवढाच प्रश्न होता. चौकशी करू म्हणून काका मला शहरातल्या एका खाजगी फ्लाइंग स्कूलच्या ऑफिसात घेऊन गेले. तिथल्या बाईंनी हौसेनं माझ्या कानांवर हेडफोन चढवला आणि काकांनी नेमका तेवढाच फोटो स्टेटसला ठेवला. खाली लिहिलं, ‘आमची पुतणी पायलट’. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

संध्याकाळी गावी, कनेरगाव नाक्यावर एसटीतून उतरले तर ढाब्यासमोर माझ्या नावानं फटाके. सरपंचांनी शाल घातली, नारळ दिला. एका आजोबांनी विचारलं, आमच्या सोयाबीनवर वरून फवारा मारशील का. सगळे हसले, मीही हसले. प्रवेश तर सोडाच, मी अजून वाटसुद्धा निवडली नव्हती.

वाटा दोन होत्या. एक हवाई दलाची: लेखी परीक्षा, मग काही दिवस चालणारी मुलाखत, मग डॉक्टरी तपासणी. शिकवायचा खर्च सरकारचा, पण बहुतेक पोरं मुलाखतीतूनच परत येतात, असं कॉलेजातल्या सरांनी सांगितलं होतं. दुसरी वाट खाजगी. तिथे तपासणी झाली आणि पैसे भरले की दार उघडत होतं, मात्र त्यासाठी आमचं रस्त्याकडचं हळदीचं रान विकावं लागणार होतं.

सत्काराआधी माझा कल हवाई दलाकडेच होता. आता नापास झाले तर नाक्यावरून जायचं कसं? आमच्याकडचे लोक तोंडावर काही बोलत नाहीत. चहा पाजतात आणि विचारतात, ‘मंग, कवा उडून राहिली?’ त्या चहाच्या धास्तीनं माझी झोप उडाली. रान विकायचं हेही मनाला पटत नव्हतं. इकडे आड, तिकडे विहीर.

बाबा मात्र हवाई दलाचं नाव काढलं की रानाला गिऱ्हाईक बघायच्या गोष्टी करत. रानावर एवढा जीव असलेला माणूस ते विकायला उतावीळ का, मला कळेना. माझ्यावर त्यांचा भरवसाच नाही, असं मी धरून चालले आणि मला त्यांचा रागही आला.

शेवटी हळद शिजवायचं काम चालू असताना मी विचारलंच. हळद शिजवायच्या मोठ्या कुकरमधून निघालेली वाफाळती हळद बाबा फावड्यानं पसरत होते.

“बाबा, मी नापास होईन असं वाटतंय का तुमाला? म्हनून रान इकून राहिले?”

त्यांनी फावडं थांबवलं नाही.

“न्हाई, माय. तू पास होशील याचं भ्या वाटतंय मला. तिकडं तुला कुठं धाडतील, कोनाला ठावं.”

मी दुसरं फावडं उचललं आणि त्यांच्या बाजूला हळद पसरू लागले.

मी पास होईन हे बाबांनी धरूनच ठेवलं होतं. दोन दिवसांनी मी हवाई दलाचा अर्ज भरला आणि बाबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि रान बघायला येणाऱ्या गिऱ्हाइकाला फोन लावून येऊ नका म्हणाले. बोलणं संपल्यावरही फोन बराच वेळ त्यांच्या हातातच होता.

नाक्यावरच्या लोकांची फिकीर मला आता उरली नाही. आता मलाही पास व्हायचीच भीती वाटते, आणि तरी रोज पहाटे उठून मी त्याचाच अभ्यास करते.