रमन्यातली चितळं

राज्य पुनर्रचनेत नागपूरची कचेरी भोपाळला हलली आणि जंगल खात्यात नोकरीला असलेले माझे यजमान तिच्यामागोमाग आले. पहिल्याच उन्हाळ्यात त्यांना एका रमन्यातली चितळं मोजून, पुढे काय करावं याची शिफारस लिहायचं काम मिळालं. रमना म्हणजे दगडी भिंतीच्या आतलं, नबाबी शिकारीचं जंगल. टी. टी. नगरच्या ओल्या चुन्याच्या क्वार्टरमध्ये एकटीनं बसण्यापेक्षा मीही जीपमध्ये चढले. बायकोला कशाला आणलं, असं ड्रायव्हर तोंडानं बोलला नाही, पण गिअर तसेच टाकत होता.

तुम्ही जाणार असाल तर रायसेनच्या रस्त्यानं आता लवकर पोचाल. टॅक्सीवाल्याशी घासाघीस मात्र करा. आम्हाला दुपार झाली. फाटकापुढे पाणी नाही, चहा नाही, सगळं घरून न्यावं. आम्ही दशम्या आणि भिजवलेले हरभरे नेले होते.

आत माझ्या डोक्याच्या उंचीपर्यंत एकाही झाडाला पान नव्हतं. जीप थांबली आणि चितळं आली. पळाली नाहीत, चारी बाजूंनी चालत आली, बरगड्या दिसणारी. पाडसं दोन-तीनच. आधी मला आनंद झाला, मग भीती वाटली.

"बीबीजी, ये गाडी को पहचानते हैं," राखणदार करीमभाई म्हणाले. "नबाब साहब के वक्त गर्मियों में घास-चने की गाडियाँ आती थीं. शेर तो कब के मार दिए. ये बढते गए."

"मोजणीच्या जुन्या वहीत चाऱ्याचं काही लिहिलेलं नाही," हे म्हणाले.

"साहब, गिनती जंगलवाले लिखते थे. चारा महल से आता था."

याच वहीतला आकडा दाखवून यांच्या वरच्या साहेबांनी सांगितलं होतं, की जंगल एवढी चितळं आरामात पोसतं, तसंच लिहून आणा.

मला राहवलं नाही. मी डब्यातले हरभरे खाली उधळले. करीमभाई "नहीं, नहीं" म्हणेपर्यंत नर एकमेकांवर तुटून पडले होते. कळप हटला तेव्हा एक पाडस खाली पडलं होतं. ते उठलं नाही. त्याची आई बाजूलाच उरलेले हरभरे वेचत होती.

घरी आल्यावर हे कागद घेऊन बसले.

"चारा मागतो."

"चारा आला की पुढच्या वर्षी पाडसं वाढतील. जंगल तेवढंच राहील."

"भिंत पाडायला लिहू?"

"बाहेर शेतं आहेत. लोक काय गप्प बसतील?"

"मग काय लिहू, तूच सांग."

"अर्धी मारायला लिहा," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं. साहेब चिडले, पण हिवाळ्यात हुकूम निघाला. दोन पावसाळ्यांनी गेलो तेव्हा झाडांना खालपर्यंत पालवी होती. निर्णय बरोबरच होता, असं मी आजही म्हणते.

नातेवाइकांत मात्र यांचं नाव 'चितळमारे' पडलं. लग्नकार्यात थट्टा व्हायची, हे निमूट ऐकून घ्यायचे. ते वाक्य माझं होतं, हे त्यांनी मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. आणि थट्टा चालायची तेव्हा सगळ्यांबरोबर मीही हसायचे.