गाण्यातली आर्लेटा

ल्युशस टार्पली गेल्याची बातमी आली तेव्हा आर्लेटा पिकन्स शाळेच्या स्वयंपाकघरात मक्याच्या पावाचं पीठ ट्रेमध्ये ओतत होती. तिच्या हाताखाली काम करणारी क्विन्सेला घाईघाईने पुढे गेली आणि तिने रेडिओ बंद केला. दुसऱ्या कुणाची बातमी असती तर तिने आवाज वाढवला असता.

"लाव परत," आर्लेटा म्हणाली.

"मला वाटलं, तुम्हाला..."

"सगळ्यांना तेच वाटणार आहे आता. लाव तो रेडिओ, आणि भट्टीकडे बघ, करपतंय."

रेडिओ लावला, तर तेच गाणं चालू होतं. 'आर्लेटा, दार उघड.' दिवसभर तेच वाजत राहिलं.

ल्युशस टार्पली म्हणजे आमच्याकडचा, आम्हा काळ्या लोकांचं सोल संगीत गाणारा. मेम्फिसपासून मोबिलपर्यंत त्याच्या नावावर माणसं शेतातली कामं टाकून धावायची, त्यापलीकडे त्याला कुत्रं ओळखत नव्हतं. पण आमच्या मिसिसिपीत लग्न असो, मयत असो, मासे तळायचा कार्यक्रम असो, त्याच्या गाण्यावाचून पान हलत नसे. त्यातही हे गाणं. थंडीत कुडकुडणारा एक माणूस हातात कपड्यांची पेटी घेऊन तिच्या दाराशी उभा आहे. आत दिवा आहे, ती जागी आहे, पण दार काही उघडत नाही. शेवटी तो तिच्या नावाने असा टाहो फोडतो की चर्चमधल्या कडक म्हाताऱ्यासुद्धा डोळ्याला रुमाल लावतात. आणि मग सगळ्या मिळून त्या दुष्ट बाईला शिव्या घालतात.

ती दुष्ट बाई तीस वर्षं टिलमन गावात, त्यांच्याच गल्लीत राहत होती आणि त्यांच्याच पोरांना शाळेत जेवू घालत होती.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा ओसरीवर बायकांची रांग लागली होती. प्रत्येकीच्या हातात केक नाहीतर झाकलेलं भांडं. तिचा नवरा होझिया खुर्चीत बसून त्यांना आत जायची वाट दाखवत होता.

"या, या," तो म्हणत होता. "मयत इथे नाहीये, पण केक टेबलावर ठेवा."

"होझिया, अरे लाज वाटू दे," त्यातली एक म्हणाली. "ती आतून किती तुटली असेल!"

"असेल बाई. मी काय, नुसता नवरा आहे."

आर्लेटा सगळ्यांच्या मधून स्वयंपाकघरात गेली आणि हात धुवत राहिली, स्वच्छ झाले तरी धुवत राहिली. मागून कुणीतरी तिला कवटाळलं आणि कानात म्हणालं, "देवाने तुला माफ केलंय, सिस्टर. आता तू स्वतःला माफ कर."

कशाबद्दल, हे तिने विचारलं नाही. विचारून उपयोग नसतो हे तिला ठाऊक होतं.

कारण खरी गोष्ट अशी होती, की तिच्या आईच्या त्या घराच्या दाराला कडीच नव्हती. ल्युशस यायचा तो हाक मारत थेट आत. शेवटचा आला तोही भर दुपारी, उकाड्यात. आर्लेटा तेव्हा विशीतली. तिने त्याला वाढलं, तो भरपेट जेवला, तिच्या आईच्या गालाची पापी घेतली आणि म्हणाला, "मेम्फिसला एक गाणं म्हणून येतो. रविवारी इथेच." ती रविवारी केस करून, निळा झगा घालून बसली. पुढच्या रविवारीही बसली. बराच काळ बसली. मग तो आला नाही, त्याचं गाणं आलं.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला हसू आलं होतं. वाटलं, मस्करी केली गड्याने, येईल आणि सांगेल. पण दुकानात बायका तिच्याकडे पाठ फिरवायला लागल्या. तिच्या आईला चर्चमध्ये एकीने विचारलं, "पोरीला एवढं दगडाचं काळीज कुणाकडून आलं गं?" आईने सांगितलं तसं नव्हतं म्हणून. बाई म्हणाली, "आई आहेस, तू तेच म्हणणार."

आर्लेटा डेट्रॉइटला मावशीकडे पळाली. तिथे ल्युशस टार्पली कुणाला माहीत नसेल असं तिला वाटलं. पण डेट्रॉइटमधली निम्मी आमची माणसं मिसिसिपीहून गेलेली आणि जाताना त्याच्या गाण्यांच्या तबकड्या घेऊन गेलेली. कारखान्यात नाव सांगितलं की समोरचा थांबायचा, तोंडभर हसायचा आणि सूर लावायचा. तिने मधलं नाव लावून पाहिलं, तर मावशीच सगळ्यांदेखत हाक मारायची, "आर्लेटा!" शेवटी आई आजारी पडली आणि ती परत आली, त्याच घरात.

होझिया ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. त्याने लग्नाचं विचारलं तेव्हा तिने आधीच सांगितलं, "माझ्या गळ्यात ते गाणं पडलंय."

"ट्रॅक्टरमुळे मला कमीच ऐकू येतं," तो म्हणाला.

त्या बोलण्यावर तिने लग्न केलं. पण गावाला ऐकू येत होतं ना. लग्नाच्या दिवशी होझियाच्या दोस्तांनी त्याला खांद्यावर घेऊन दारापर्यंत नेलं आणि ओरडले, "उघडलं रे बाबा एकदाचं!" तो हसला. तीही हसली. त्या दिवसापासून ती हसतच आली होती. शाळेत जेवणाच्या रांगेत पोरं पेले वाजवून म्हणायची, 'मिस आर्लेटा, दार उघड, भूक लागली गं', आणि तिने हसून एक डाव जास्त वाढायचा, असं ठरूनच गेलं होतं. न हसता एकदा वाढलं, तर मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं, काही बिनसलंय का.

एकदा मात्र ती त्याला गाठायला गेली होती. दहाएक वर्षांपूर्वी तो जॅक्सनच्या रस्त्यावरच्या एका क्लबात गाणार होता. होझियाच गाडी काढून म्हणाला, "चल. मी बाहेर थांबतो. मारामारी करायची झाली तर हाक मार."

ल्युशस भटारखान्यामागच्या खोलीत पाय टबात बुडवून बसला होता. सुटलेलं पोट, काळेभोर रंगवलेले केस, सुजलेला गुडघा. तिला बघून उठायला गेला आणि पुन्हा बसला.

"आर्ली," तो म्हणाला. "देवा रे. आर्ली."

"दाराला कडी नव्हती, ल्युशस."

त्याने टबातला पाय जरा हलवला. मग म्हणाला, "माहीत आहे मला. तुझं नाव सुरात बसत होतं गं. बाकी सगळं स्टुडिओतल्या लोकांनी जुळवलं. मला वाटलं, महिनाभर चालेल आणि मरेल."

"बदल ते. दुसरं नाव घाल. मी फक्त एवढंच मागायला आले."

"आज बदलतो," तो म्हणाला. "तुझ्यासमोर."

आणि त्याने खरंच बदललं. ती भिंतीला टेकून उभी होती. बाजा सुरू झाला, लोक उठले, आणि टाहो फोडायची वेळ आली तशी ल्युशसने हाक मारली, "रोबेर्टा!"

मग कुणीतरी ओरडलं, "दादा, प्यायलास का?" लोक हसले. आणि मग सगळा क्लब एका आवाजात गर्जला, "आर्लेटा!" त्याने पुन्हा रोबेर्टा म्हटलं. बाटल्या टेबलांवर आपटायला लागल्या. मालक बाजूला येऊन हातवारे करत होता. ल्युशसने गर्दीतून तिला शोधलं, तिच्याकडे बघितलं, खांदे उडवले आणि डोळे मिटून तिचं नाव घेतलं. लोक रडायला लागले.

नंतर तो टॉवेलने मान पुसत तिला म्हणाला, "पाहिलंस? मी दुसरी पन्नास गाणी केली. एकही ऐकत नाहीत. तू निदान घरात तरी आहेस, आर्ली. मी अजून त्या थंडीत उभा आहे."

"थंडी तू आणलीस," ती म्हणाली आणि निघाली. पण गाडीत ती त्याच्यासाठी रडली, आणि रडल्याचा तिला फार राग आला.

तर आता तो गेला होता. शेवटचा निरोप शाळेच्या व्यायामशाळेत ठेवला, कारण चर्चमध्ये माणसं मावली नसती. रेव्हरंड मोझली स्वतः घरी आले.

"सिस्टर आर्लेटा, तुम्ही दोन शब्द बोलायचे. लोकांची इच्छा आहे."

होझिया म्हणाला, "तिची इच्छा विचारा."

"बोलेन," ती म्हणाली. दोघंही चमकले. तिने मनात ठरवलं होतं. तो गेला, आता त्याची पंचाईत होणार नाही. एकदा सगळ्यांसमोर सांगून टाकायचं आणि मोकळं व्हायचं.

व्यायामशाळा खचाखच भरली होती. शवपेटी पांढऱ्या फुलांनी झाकली होती. तिचं नाव पुकारलं तशी माणसं उसासली. तिने माइक धरला.

"मला त्या दाराबद्दल सांगायचंय," ती म्हणाली.

"सांग, सिस्टर!" कुणीतरी हाक दिली.

"ते दार... ते दार बंद नव्हतं."

"देवा! नव्हतंच!" एक म्हातारी उभी राहिली. "मनाचं दार कधी बंद नसतं!"

"तसं नाही. खरंच उघडं होतं. तो आला, जेवला..."

"सावकाश, बाळा, सावकाश. मोकळी हो."

ऑर्गनवाल्याने तिच्या शब्दांखाली हळूच सूर धरला. तिने ओळखला. तिने हात वर करून त्याला थांबवायला बघितलं, तर लोकांना वाटलं, ती चर्चमध्ये देतात तशी हात उंचावून देवाची साक्ष देतेय. शेकडो हात वर गेले. पाठीमागून गाणं सुरू झालं आणि पुढे पुढे येत राहिलं. ती माइक धरून तशीच उभी होती. ओठ हलवले नाहीत, तर रेव्हरंडनी प्रेमाने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि माइक तिच्या तोंडाजवळ नेला. तेव्हा आर्लेटाने, काय करणार, शेवटची ओळ म्हटली. स्वतःला स्वतःच हाक मारली. लोक तो प्रसंग अजून सांगतात.

जेवणाच्या वेळी ती मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. तिथे आधीच एक बाई बूट काढून बसली होती. ल्युशसची बायको, व्हर्डेल. दोघी कधी बोलल्या नव्हत्या.

"बस," व्हर्डेल म्हणाली. "आत माझी कुणाला आठवण नाहीये. तुझ्यामागे लागलेत सगळे."

"मला नको आहे ते."

"मी सव्वीस वर्षं त्याचे सदरे धुतले. माझ्यावर एक ओळ नाही." तिने पाय चोळले. मग वळून विचारलं, "खरं काय झालं होतं? उघडं होतं म्हणालीस ना? आला तो, आणि?"

इतक्या वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं.

"जेवला आणि गेला," आर्लेटा म्हणाली. "एवढंच."

"काय जेवला?"

"पावट्याची उसळ. तीनदा घेतली."

"पावटे?" व्हर्डेल ताठ झाली. "माझ्याकडे कधी तोंडात घातले नाहीत! म्हणायचा, घशाला लागतात!" आणि ती हसायला लागली, ती हसता हसता रडायला लागली. आर्लेटाने तिच्या पाठीवर हात ठेवला. आतून कुणीतरी खिडकीतून बघितलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी गावभर झालं की आर्लेटाने ल्युशसच्या बायकोची पायांवर पडून माफी मागितली.

पुढच्या वसंतात नगरपालिकेने तिच्या अंगणासमोर 'गाण्यातलं दार ते हेच' अशी लोखंडी पाटी लावली. होझियाने विरोध केला, तर त्याला सांगितलं की रस्ता सरकारी आहे. बाहेरगावची माणसं गाड्या थांबवून दारापुढे फोटो काढतात, काही जण ठोठावून पळतात. आर्लेटा आता कामावरून निवृत्त झाली आहे. ती कपडे मागच्या अंगणात वाळत घालते आणि भाजी आणायला मागच्या गल्लीने जाते.

रविवारी चर्चनंतर फोन वाजतो तो व्हर्डेलचा. गुडघे, रक्तदाब, नातवंडं, असलंच बोलतात दोघी. ल्युशसचा विषय निघत नाही. व्हर्डेल तिला पहिल्यापासून मिसेस पिकन्स म्हणते. आर्लेटाने एकदा म्हटलं, एवढं औपचारिक कशाला, नावाने हाक मार.

"नको," व्हर्डेल म्हणाली. "ते नाव ऐकून ऐकून मला वीट आलाय."

"मलाही," आर्लेटा म्हणाली, आणि तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. समोरच्या दारावर कुणीतरी ठोठावत होतं.