वीस वर्षांनी कुठे जाल?

वीसवर्षेवाले साहेब माझ्या टोटोत, म्हणजे बॅटरीवाल्या रिक्शात, बसले आणि पहिलाच सवाल, "गोविंदराव, वीस वर्षांनी कुठे जाल?"

बनारसमध्ये हा काय सवाल झाला? मी म्हटलं, "मणिकर्णिकेच्या चितेवर, अजून कुठे!"

साहेब हसले नाहीत. म्हणाले, "आणि त्याच्या आधी?"

तिथेच मला शक आला.

शिक्षण माझं असं, की शाळेत गेलो तो दुसऱ्यांची पोरं सोडायलाच. पण नकाशा घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभा राहून वर बघणारा माणूस घरं पाडणार, एवढं कळतं. साहेब नागपूरचे, आमच्या बनारसी मराठीपेक्षा गोड मराठी बोलायचे. मग तर जास्तच शक. आले होते सगळ्या इलाख्याच्या पुढच्या वीस वर्षांच्या रस्त्यांचा, बसांचा आराखडा करायला. दिवसभर माझ्या टोटोत बसून चंदौलीच्या दूधवाल्याला, मिर्झापूरच्या म्हातारीला विचारायचे, कुठून निघालात, कुठे चाललात. म्हणायचे, "रस्ता नंतर. आधी माणसं कुठे जातात ते बघायचं." मी मनात म्हणायचो, वा गुरू, आधी बघणार, मग हाकलणार!

आमच्या गल्लीची पाळी आली, तेव्हा मी घरोघर पढवून ठेवलं. जिथे कोणाचं जाणंच नाही, तिथे रस्ता कशाला रुंद करतील? साहेबांनी दार वाजवलं की एकच जवाब, "हम लोग कहीं नहीं जाते." शेजारची चाची तर भाजीची थैली घेऊन निघता निघता हेच म्हणाली.

मग साहेबांनी कच्चा आराखडा धर्मशाळेत टांगला, लोकांनी चुका काढाव्यात म्हणून. घरं आमची शाबूत. पण दवाखान्याच्या नव्या बसचा थांबा शेजारच्या मोहल्ल्यात! दवाखाना हायवेपलीकडे, तिथे टोटोला मनाई, आणि बायकोचे गुडघे गेलेले. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "अहो, आपण कुठेच जात नाही ना? मग दर सोमवारी मी काय माहेरी जाते?"

साहेब म्हणाले, "चूक आहे म्हणून अंगठा द्या, थांबा हलवू."

अंगठा! बाप सांगून गेलाय, अंगठा गेला की घर गेलं. मी हात खिशात घातला.

साहेब परत निघाले, तेव्हा स्टेशनवर मीच सोडलं. म्हणाले, "आराखडा काही वर्षांनी पुन्हा उघडतात. तेव्हा येईल त्याला खरं सांगा."

"तुम्हीच या ना."

"मी रिटायर झालो, गोविंदराव. आता मीही कुठेच जात नाही."

मधल्या अरुंद गल्लीत टोटो शिरत नाही, म्हणून आता बायको बसपर्यंत माझ्या खांद्यावर हात टाकून लंगडत जाते, आणि मी रोज गल्लीच्या तोंडावर नजर ठेवतो. परवा एकजण उभा राहून वर बघत होता. मी धावलो, "साहेब, विचारा ना, आम्ही कुठे जातो ते! अंगठापण देतो!"

तो निघाला विजेचा मीटरवाला. थैली छातीशी धरून दोन पावलं मागे सरकला, आणि माझ्याकडे असा बघत राहिला, जसा मी साहेबांकडे बघायचो.