तोफखान्यातला एक कागद

‘समोरची बाई अत्यंत उद्धट आहे. माझ्या सात वर्षांच्या मुलीसमोर तिनं मला खोटारडा म्हटलं. अशा बाईला माणसांत बसवू नये.’

हे आमच्या तक्रारवहीत लिहिलेलं आहे, निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात, खाली सही. दोन वर्षं झाली, पण ते पान उघडलं की माझं डोकं अजून फिरतं. लिहिणारा माणूस वाईट नव्हता, हीच तर खरी आग आहे. वाईट असता तर मनातल्या मनात दोन शिव्या हासडून मोकळा झालो असतो.

आमची खोली विमानतळावर आहे, सामानाचा पट्टा संपतो तिथे, अगदी टोकाला. ज्याची बॅग पट्ट्यावर येत नाही तो आमच्याकडे येतो, आणि येतानाच पेटलेला असतो. जणू आम्हीच त्याची बॅग बगलेत मारून बसलोय. खोलीत दोन टेबलं. खिडकीजवळचं माझं, काउंटरला लागून बाईंचं. हमाल त्या खोलीला तोफखाना म्हणायचे, माझ्यामुळे नव्हे.

बाईंच्या घरी सासू ठार बहिरी. वीस वर्षं तिच्याशी बोलून बोलून बाईंचा आवाज वरच्या पट्टीत गेला तो तिथेच राहिला. त्या ‘चहा घे’ म्हणाल्या तरी नवख्या माणसाला वाटायचं, आपली नोकरी गेली. मुलगा चांगला मिशा फुटलेला, पण आईचा फोन आला की उभा राहून बोलतो. मला त्या ‘शहाण्या’ म्हणायच्या. माझं खरं नाव त्यांना आठवत असेल की नाही, देव जाणे.

पण कामात बाईंसारखं माणूस मी पाहिलं नाही. टॅग तुटलेली बॅग आली की आमच्याकडे एक रीत आहे. दोघांनी मिळून बॅग उघडायची, आतल्या वस्तूंची यादी करायची आणि ती फॉर्मशी ताडून पाहायची. हरवलेल्या बॅगेत काय होतं ते प्रवाशानं फॉर्मवर लिहिलेलं असतं. निदान तीन वस्तू जुळल्या तर बॅग त्याची. नाही जुळल्या तर गोडाऊनला, मग समोर साक्षात ब्रह्मदेव उभा असला तरी.

ही रीत बाईंच्या हाडीमाशी का भिनली होती, तेही सांगतो. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका गोडबोल्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवून त्यांनी एक बॅग देऊन टाकली. दुसऱ्या दिवशी एक म्हातारी आली. बॅग तिची होती. आत नवऱ्याचा शेवटचा सदरा होता, न धुतलेला, मुद्दाम न धुतलेला. म्हातारी ओरडली नाही, नुसती बाकावर बसून राहिली. बाई म्हणायच्या, ‘ती चार शिव्या देती तर मी सुटले असते.’ तेव्हापासून त्यांना खोटं बोलणाऱ्या माणसाचा असा काही संताप यायचा की आम्ही खुर्ची मागे ओढून बसायचो. त्या संतापापायी दोन मेमो झाले होते. तिसरा झाला तर काउंटर सुटणार आणि रवानगी गोडाऊनला, असं साहेबांनी सगळ्यांसमोर सुनावलं होतं. बाईंना काउंटर जिवापाड प्यारा होता. बॅग मिळाल्यावर माणसाचा चेहरा बदलतो, तो बघायला मिळतो म्हणून. हे त्यांनी कधी कबूल केलं नाही, पण मी काय आंधळा होतो?

तर नाताळच्या आदल्या दिवशीची गोष्ट. सकाळी अकराच्या सुमाराला एक कुटुंब आलं. चष्मेवाला बाप, झोप न झालेली आई, तिच्या खांद्यावर तीन वर्षांचा मुलगा, आणि बापाचं बोट धरलेली सात वर्षांची मुलगी. पोरं घेऊन पहिल्यांदाच घराबाहेर नाताळ करायला आलेले, आणि चार बॅगांतली एक आलीच नव्हती. मुलगी नुकतीच वाचायला शिकलेली असावी, कारण दिसेल ते मोठ्यानं वाचत होती. ‘सामानावर बसू नये. थुंकू नये. तक्रारवही मागितल्यास मिळेल.’

“बाबा,” मध्येच तिनं विचारलं, “आपण घरी नाही, हे नाताळबाबाला कसं कळणार?”

“त्याला सगळं कळतं,” बाप म्हणाला आणि फॉर्मवर वाकला.

‘बॅगेत काय आहे ते सविस्तर लिहावे’ या रकान्याशी त्याचं पेन अडलं. “सविस्तर लिहायलाच हवं का हो?”

“मग फॉर्म काय पूजेला ठेवलाय?” बाई म्हणाल्या.

त्यानं एकदा मुलीकडे पाहिलं. ती चवड्यांवर उभी राहून प्रत्येक अक्षर लावत होती. मग त्यानं लिहिलं: जुने कपडे, टॉवेल, औषधं. मुलीनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. धाकटा रडायला लागला, आणि ती सगळी मंडळी हॉटेलवर गेली.

तीनच्या विमानानं एक राखाडी बॅग आली. टॅग नाही, नाव नाही, पत्ता नाही. अशा राखाडी बॅगा दिवसाला चाळीस जातात. आम्ही दोघांनी उघडली. लाल मोजे दोन, घडीचं नाताळचं झाड एक, चमकत्या कागदातली दोन मोठी पुडकी, एकाचा कागद फाटून आगगाडीचं चाक बाहेर आलेलं.

“सकाळच्या त्या पोरांची तर नसेल?” मी म्हटलं.

“त्यांच्या फॉर्मवर खेळण्याचं नाव आहे? आज सगळ्याच विमानांतून खेळणी येताहेत. शहाण्या, तुझ्या अंदाजावर बॅगा वाटायच्या का आता?”

मी यादीवर सही ठोकली. तोफेच्या तोंडी कोण जाणार?

साडेचारला बाप परत आला. धाकट्यानं ओकाऱ्या काढल्या म्हणून आई हॉटेलवरच थांबली होती, आणि मुलगी बोट सोडायला तयार नव्हती. पाचला आमची खोली बंद होणार होती, ती पुढचे दोन दिवस उघडणार नव्हती. म्हणजे बॅग आता मिळाली तर नाताळला, नाहीतर नाहीच.

“राखाडी एक आली आहे,” बाई म्हणाल्या. “टॅग नाही. आत काय आहे ते सांगा.”

“लिहिलंय की फॉर्मवर.”

“फॉर्मवर आहे ते बॅगेत नाही.”

बापानं मुलीकडे पाहिलं, मग बाईंकडे. भुवया उडवल्या. डोळे मिचकावले. हनुवटीनं खाली पोरीकडे खूण केली.

“डोळे कसले मिचकावता? मी काय तुमच्या लग्नातली करवली आहे?”

“बाई, जरा समजून घ्या ना.”

“काय समजून घेऊ? टॉवेल लिहिलेत, टॉवेलाचा धागा नाही. औषधं लिहिलीत, गोळी नाही. खोटं लिहिलंत तुम्ही! या काउंटरवर उभं राहून सरळ खोटं!”

सगळ्या सामानघरात ते ऐकू गेलं. पट्ट्यावरचे हमालसुद्धा थांबले. बापाचा चेहरा लालबुंद झाला.

“माझ्या मुलीसमोर तुम्ही मला खोटारडा म्हणताय?”

“मुलीसमोर खोटं लिहिताना नाही काही वाटलं? पासपोर्टची झेरॉक्स आणा आधी. त्याशिवाय पुढचं बोलणंच नको.”

झेरॉक्सचं मशीन समोरच्या बोळात, काचेतून दिसतं. मुलीला बाकावर बसवून तो तणतणत गेला. आणि तो पाठमोरा होताच ती पोरगी बाकावरून उतरली, काउंटरशी आली, दोन्ही हातांनी कडा धरून वर झाली.

“लाल मोजे दोन,” ती भराभर पण हळू आवाजात म्हणाली. “झाड एक. झाडाचा एक पाय मोडलाय, त्याला हिरवी दोरी बांधलीय. बाहुलीचं घर माझं. आगगाडी धाकट्याची. मोजे जुनेच आहेत, धाकट्याच्या मोज्याला भोक आहे.”

बाई हलल्या नाहीत. मी उठून बॅग उघडली. झाडाच्या पायाला हिरवी दोरी होती. एका मोज्याला भोक होतं. दुसऱ्या पुडक्यावरून हात फिरवला तर घराचं उतरतं छप्पर हाताला लागलं.

“तुला कसं माहीत?” बाईंनी विचारलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तो आवाज खालच्या पट्टीत ऐकला.

“आई बॅग भरत होती तेव्हा मी झोपले नव्हते. मागच्या वर्षीपण नव्हते. बाबा खोटारडे नाहीत, तुम्ही ओरडू नका त्यांच्यावर.” तिनं मागे वळून काचेतून पाहिलं. “पण नाताळबाबा कोण ते मला माहीत आहे, हे त्यांना सांगू नका हं. त्यांना खूप मजा येते. आणि धाकट्याला तर खरंच वाटतं.”

“नाही सांगणार.”

“नक्की?”

“मी खोटं बोलत नाही,” बाई म्हणाल्या.

मुलगी परत जाऊन बाकावर बसली आणि भिंतीवरची पाटी वाचायला लागली. बाईंनी फॉर्म पुढे ओढला, ‘ओळख कोणी पटवली’ या रकान्यात काहीतरी लिहिलं. बाप झेरॉक्स घेऊन आला तेव्हा त्यांचा डावा तळवा त्या रकान्यावर पालथा पडलेला होता.

“इथे सही करा. बॅग घ्या.”

“मघाशी माझी नव्हती, आता कशी झाली?”

बाईंनी उजव्या हातानं सहीची जागा दाखवली.

“निदान वाचू तरी द्या. हात काढा तो.”

“वाचायचं काही नाही त्यात. सही करा.”

“आणि मला खोटारडा म्हणालात, त्याचं काय?”

बाई गप्प. खोटं बोलायचं नाही आणि खरं सांगायचं नाही, म्हटल्यावर माणूस दुसरं काय करणार? पण मला त्या क्षणी बाईंचाच राग आला. ‘चुकलं माझं’ एवढं म्हणायला काय जात होतं? दोन शब्दांत तो माणूस विरघळला असता, सणाचा दिवस होता. पण त्या तोंडानं जन्मात कधी ते दोन शब्द उच्चारले नव्हते, ते आयत्या वेळी कुठून येणार?

“तक्रारवही द्या,” बाप म्हणाला. पाटी आहेच, सकाळी पोरीनंच वाचून दाखवलेली.

“बाबा, नको ना,” मुलगी म्हणाली.

“तू गप्प बस. मोठ्यांच्या मध्ये बोलू नये.”

ती बाईंकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठ घट्ट मिटलेले. बाईंनीच वही पुढे सरकवली, वर स्वतःचं पेन दिलं. त्यानं फॉर्मवर सही केली, वहीत ते सगळं लिहिलं, जे मी वर दिलंय, आणि बॅग ओढत निघून गेला. दारातून पोरीनं मागे वळून पाहिलं. बाईंनी मान खाली घातली आणि ड्रॉवरमध्ये किल्ली शोधायला लागल्या. किल्ली समोरच टेबलावर होती.

साहेबांना तर आयतंच कोलीत मिळालं. नवं वर्ष उजाडलं आणि तिसरा मेमो आला. उद्धट वर्तन, हा एक आरोप. त्या दिवशीचा फॉर्म फायलीत नाही, हा दुसरा. फॉर्म फायलीत नसणार, हे मला माहीत होतं. तक्रार करणाऱ्याला उत्तर पाठवतात, त्यासोबत सगळ्या कागदांची नक्कल जाते. तो फॉर्म फायलीत असता तर त्या बापाच्या घरी गेला असता. बाईंनी तो काढून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला, कारण त्यांचा ड्रॉवर तपासला जाणार होता.

“मी साहेबांना तोंडी सांगतो,” मी म्हटलं.

“सांग आणि बघ. साहेबाच्या तोंडात तीळ तरी भिजतो का? तो लिहिणार, टाइप करणार, पाठवणार. माझा शब्द गेलाय त्या पोरीला.”

मेमोच्या उत्तरात त्यांनी लिहिलं, ‘उद्धटपणा झाला. फॉर्म माझ्याकडून गहाळ झाला. कबूल.’ त्या बाईनं कागदावर लिहिलेलं हे पहिलं खोटं.  लिहून होताच त्यांनी पेन भिंतीवर फेकून मारलं.

आता त्या गोडाऊनला असतात. तिथे माणूस फिरकत नाही, नुसती खोकी. दुपारी मी डबा घेऊन जातो. आवाज खोक्यांवर आपटून परत येतो, म्हणून हल्ली त्या कमी बोलतात. काउंटरवर त्यांच्या जागी एक मधाळ बोलणारा तरुण आलाय. त्याच्या गोड बोलण्यावर सगळे खूश आहेत आणि मागच्या महिन्यात त्यानं दोन बॅगा चुकीच्या माणसांना दिल्या. त्याला मेमो नाही. हे लिहितानाही माझे दात आपोआप आवळले जाताहेत.

परवा डबा खाताना मला राहवलं नाही. मी तो फॉर्म बरोबरच नेला होता. त्या रकान्यात बाईंच्या ठसठशीत अक्षरात आहे: ‘मोठी मुलगी, वय सात. पाच वस्तू अचूक. वडिलांना कळू देऊ नये.’

“बाई,” मी म्हटलं, “आता दोन वर्षं झाली. ती पोरगी नऊ वर्षांची झाली असेल. आईबापांना एव्हाना सगळं कळलंही असेल. हा कागद साहेबांपुढे टाकतो, पुढच्या महिन्यात तुम्ही परत काउंटरवर.”

त्यांनी घास खाली ठेवला. कागद माझ्या हातातून ओढून घेतला, चार घड्या घातल्या आणि पुन्हा माझ्याच खिशात कोंबला.

“आणि धाकटा रे, शहाण्या?” त्या ओरडल्या, आणि सगळं गोडाऊन दणाणलं. “तो आत्ता कुठे पाच वर्षांचा झालाय! हात लावून बघ त्या कागदाला, तंगडं मोडून ठेवीन!”