शेळीची परीक्षा

कुसळीच्या माळावरून फिरून आलं की धोतरातली कुसळं पुढं दोन दिवस निघत राहतात. एक उपटावं तर दुसरं टोचतं! आमच्या कंधारच्या माळावरच्या किश्श्यांचंही तसंच आहे. निजामी सरता सरता तिथं चराईचा एक सरकारी प्रयोग चालला होता आणि मी त्यात कारकून होतो. आजही आम्ही जुने दोघं-तिघं भेटलो की चहा गार होतो, पण किस्से संपत नाहीत.

प्रयोग साधा होता. कुंपण घालून माळाचे तीन तुकडे केले होते. एकात गाई, एकात शेळ्या आणि तिसरा साफ बंद. हैदराबादचे नाजिमसाहेब म्हणजे आमच्या खात्याचे सर्वांत मोठे साहेब. शेळी माळाचं वाटोळं करते, तिला माळच बंद करा, असं त्यांचं ठाम मत! हा प्रयोग चालवणारे आमचे करीमसाहेब मात्र विलायतेत शिकून, इटलीतल्या समुद्राकाठच्या टेकड्या पाहून आलेले. ते म्हणायचे, शेळी काटेरी झुडपं खाते, म्हणून तर गवताला जागा मिळते. नाजिमसाहेब स्वतः येऊन निकाल लावणार होते. गावातल्या गंगूबाईचं सगळं घर शेळ्यांवर चालायचं, त्यामुळं आमच्यावर तिचा कडक पहारा असायचा.

०

करीमसाहेब बोलता बोलता इटलीत पोचायचे. एकदा पारावर सांगू लागले, "वहाँ बी ऐसेच पहाड, ऐसेच काँटे, ऐसीच बकरियाँ!"

"अन् पाऊस?" गंगूबाईनं विचारलं.

"पाऊस हिवाळ्यात. उन्हाळा एकदम कोरडा."

गंगूबाईनं गालावर हात ठेवला. "बया! तिथल्या देवाला नक्षत्रं बी ठावं न्हाईत!"

०

माझं काम एका शेळीमागं दिवसभर फिरायचं आणि ती कशाकशाला तोंड लावते ते लिहायचं. बोर, तरवड, पुन्हा बोर! त्याच सुमारास लातूरहून मला बघायला पाहुणे आले. "मुलगा सरकारी नोकरीत आहे," असं आईनं मोठ्या ऐटीत सांगून ठेवलेलं. पाहुणे थेट माळावर हजर! मी त्या वेळी ओणवा होऊन शेळीच्या तोंडात काय आहे ते बघत होतो.

पाहुण्यांनी बराच वेळ पाहिलं. जाताना आईला म्हणाले, "मुलगा गुणी आहे हो, नोकरीही सरकारी आहे. पण त्याचा साहेब शेळी आहे!"

०

बंद तुकड्यावर धोंडिबा राखणदार होता. एकही जनावर आत सोडायचं नाही, असा त्याला सक्त हुकूम. पहिल्याच वर्षी एका सकाळी बघतो तर आत एक पांढरा घोडा मजेत चरतोय! करीमसाहेबांचा पारा चढला.

"जनावर सोडायचं न्हाई म्हनलात," धोंडिबा म्हणाला, "पन ह्यो तर तहसीलदार सायबाचा घोडा हाय! म्या सलाम करूनच फाटक उघडलं."

०

नाजिमसाहेब येणार त्या सकाळी आम्ही शेळ्यांच्या तुकड्यात गेलो, तर गवत कंबरेइतकं! करीमसाहेबांनी एक झुपका ओढला. तो मुळांशिवायच हातात आला. गंगूबाईनं ओढ्याकाठचं गवत कापून आणून जागोजाग रोवलं होतं.

साहेबांनी कपाळावर हात मारला. "ये क्या करे तुम, बाई? इथं गवत खरंच वाढलंय! आता तेही खोटं वाटेल!"

"खरं लई बुटकं दिसून राहिलं होतं, सायेब!"

मोटार येईपर्यंत आम्ही सगळे ते रोवलेलं गवत उपटत होतो.

०

नाजिमसाहेब उतरले. अंगात शेरवानी, डोक्यावर लाल रुमी टोपी, तिला काळा गोंडा. शेळ्यांच्या तुकड्याकडं त्यांनी बघितलंही नाही. "आधी बंद तुकडा. बकरी नसली की गवत कसं येतं ते या लोकांना दाखवतो!" म्हणत ते तरातरा आत शिरले.

आत गवत कुठलं? बोरी-बाभळींचं नुसतं गचपण माजलेलं. चार पावलांवर शेरवानी अडकली. ती सोडवून साहेब सरळ होतात तोच एका फांदीनं टोपी उचलली, फांदी सटकन मागं गेली आणि टोपी गचपणाच्या मधोमध जाऊन लटकली.

धोंडिबा आत गेला, ओरबाडून परत आला. मी गेलो, तर माझं निम्मं धोतर तिथंच राहिलं. काठी पोचेना.

"कुऱ्हाड लाओ!" साहेब गरजले.

"हुजूर," करीमसाहेब हळूच म्हणाले, "बंद तुकड्यातली काडीही तोडायची नाही, असा आपलाच हुकूम आहे."

सगळ्या गावासमोर नाजिमसाहेब बोडके! हसायची कुणाची छाती नव्हती. आता राग निघणार तो शेळ्यांवरच! तेवढ्यात तोंडावरचा पदर बाजूला करून गंगूबाई पुढं आली.

"सायेब, आत शेळ्या सोडा. दोन-चार दिसांत टोपी काढून देते."

नाजिमसाहेबांनी तिच्याकडं पाहिलं, मग टोपीकडं. धोंडिबाचा पटका मागून घेतला, डोक्याला गुंडाळला आणि मोटारीत जाऊन बसले. काच खाली करून एवढंच म्हणाले, "छोड दो बकरियाँ."

शेळ्यांना माळ मग कधीच बंद झाला नाही. टोपीही निघाली. ती झटकून, पुसून आम्ही अदबीनं हैदराबादला पाठवली. गोंडा तेवढा कुठं सापडला नाही.